न थांबणाऱ्या गाड्यांनी फाउस्तूकडे

गाडीची किल्ली इदालिनाने आधी साखरेच्या डब्यात लपवली. नवऱ्याला, बेल्मिरूला, ती दुसऱ्याच दिवशी सापडली. मग तिने ती संत अँथनीच्या मूर्तीमागे ठेवली. तिथेही सापडली. "हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत तो, आणि मी त्याच्याकडेच लपवायला दिली. माझीच अक्कल," असं ती शेजारच्या व्हितालिनाला म्हणाली. दोघी हसल्या.  इदालिनाने कप मध्येच खाली ठेवला.

आता किल्ली मक्याच्या पिठात खोल पुरलेली आहे. भाकरीसाठी पीठ काढताना तिच्या बोटांना लागते. रोज लागते.

बेल्मिरूने जन्मभर दुधाची गाडी चालवली. पहाटे तो डोंगराच्या अंगाने वर जायचा, गोठ्यागोठ्यावर थांबायचा, दुधाचे कॅन चढवायचा आणि खाली चीजच्या कारखान्यात आणून उतरवायचा. पीकू बेटाच्या डोंगरावर धुकं उतरलं की हात पुढे केला तर हात दिसत नाही. तेव्हाही त्याला वळण कळायचं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं इदालिना त्याच्याबरोबर जायची, शेजारी बसून पुढच्या गोठ्याचं नाव सांगायची, उतरून कॅन मोजायची. तिला गाडी शिकायची होती.

"मी आहे ना?" तो म्हणायचा. "तुला एकटीला कुठं जायचंय?"

मग ती ट्यूना माशांच्या कारखान्यात डबे भरायला लागली. मग देलिया झाली. शिकायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बेल्मिरू घराच्या दारात उभा राहिला आणि त्याने विचारलं, "इथं कोण राहतं?" तिला वाटलं थट्टा करतोय. ती म्हणाली, "एक म्हातारी राहते, फार भांडखोर आहे, आत येऊ नकोस." तो खरंच आला नाही. पायरीवर बसून राहिला.

समोरच्या बेटावर, ऑर्ताच्या इस्पितळात, डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं. ते तिने घरात कधी उच्चारलं नाही.

पीकूवर भीतीला काठ होता. इथला मोठा रस्ता एकच. तो डोंगराला वळसा घालतो आणि निघाला तिथे परत येतो. वाट चुकली तर उताराने चालत राहावं, समुद्र लागतो. समुद्र लागला की माणसं लागतात. बेल्मिरू घराबाहेर पडला, भरकटला, तरी बसवाला दिनार्त त्याला रस्त्याकडेला पाहून बस उभी करायचा. "चला बेल्मिरूकाका, मालकीणबाईंनी सूप गरम केलंय," म्हणायचा. तिकीट घ्यायचा नाही. बसमधली माणसं सरकून जागा द्यायची.

त्यामुळे कॅलिफोर्नियाहून फाउस्तूचा फोन आला तेव्हाची इदालिनाची भीती वेगळीच होती.

फाउस्तू म्हणजे बेल्मिरूचा धाकटा भाऊ. अठराव्या वर्षी गेला तो गेला. तिकडच्या खोऱ्यात दुसऱ्यांच्या गाईंचं दूध काढलं, मग स्वतःच्या. आता त्याची मूत्रपिंडं गेली होती. एक दिवसाआड यंत्राला जोडून घ्यायचा. प्रवास कायमचा बंद.

"वहिनी, त्याला घेऊन ये," तो म्हणाला. "तो मला विसरायच्या आत ये. किंवा मी जायच्या आत. कुणाचा नंबर आधी लागतो ते तूच बघ."

आणि हसला. त्या हसण्याचा आवाज हुबेहूब बेल्मिरूसारखा होता. इदालिनाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसली.

बेल्मिरू मुलीचं नाव दोनदा विसरला होता. बायकोचं एकदा. फाउस्तूचं कधीच नाही. रोज सकाळी उठून विचारायचा, "फाउस्तू आला का?"

"नाही आला."

"बोटीला उशीर झाला असेल."

रोज हेच. एका सकाळी ती म्हणाली, "तो नाही येत. आपणच जाऊ." बोलून गेली.

विमानाने थेट जाणं शक्य नव्हतं. मागच्या वर्षी तेर्सैरा बेटावर जाताना, विमान वर असताना, बेल्मिरू पट्टा सोडून उठला आणि दार उघडायला निघाला. कॅन उतरवायचे आहेत म्हणाला. दोघांनी धरून बसवला. डॉक्टर म्हणाले, गोळी देऊन बॉस्टनपर्यंत एकदा न्या, पण त्यापुढे विमान नको. म्हणजे पुढचा सगळा मुलूख जमिनीवरून. बॉस्टनहून बसने फॉल रिव्हर, तिथे तिची बहीण लिओंतिना. तिथून रेल्वेने नायगाऱ्याकडे, तिथे टोरांटोहून देलिया येऊन भेटणार. मग शिकागो. मग दोन रात्रींची रेल्वे. मग खोऱ्यातली बस, आणि फाउस्तू.

"आई, गाडी भाड्यानं घ्या ना," देलिया फोनवर म्हणाली. "पप्पा चालवतील. इथले रस्ते केवढे रुंद आहेत! पप्पांना झोपेतसुद्धा चालवता येतील."

"झोपेत नको, जागेपणीही नको. सुट्टी आहे, मजेत जाऊ. त्याला खिडकीतून गाई बघू दे."

"मग मावशीला सांग फॉल रिव्हरहून नायगाऱ्याला सोडायला."

"लिओंतिना चर्चपर्यंत गाडी नेते आणि तेवढ्यात दोन आरसे मोडते. काय बोलतेस!"

देलिया हसली. मागे तिची जुळी रडायला लागली. "मलाच यायला पाहिजे होतं गं बरोबर. पण ही दोघं... पप्पा बरे आहेत ना?"

"थोडं विसरतो. वय झालं."

खरं सांगितलं असतं तर देलिया म्हणाली असती, जाऊच नका. आणि मग रोज सकाळी उठून फाउस्तू आला का ते ऐकायचं. एक दिवस तेही बंद होईल, तोवर.

इदालिनाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मार्ग काढला. एकेका गावाला एकेक गोल, मधे रेघा. तिला रेघांची भीती नव्हती. रेल्वे चालू असली की तो खिडकीशी बसेल. भीती गोलांची होती. गोल म्हणजे उतरायचं, सामान, गर्दी, तिकीट दाखवायचं, आणि तेवढ्यात हात सुटायचा. तिकडे समुद्र कुठल्या बाजूला, डोंगर कुठल्या बाजूला? उताराने चालत गेला तर कुठे पोचेल? ती पेन घेऊन बसायची आणि तिला तो दिसायचा. रविवारचा कोट घातलेला, हजारो माणसांत पाठमोरा, चालत चाललेला. कुणी थांबवत नाहीये. कुणाला माहीतच नाहीये की थांबवायचं आहे.

तो कागद घेऊन ती मादालेना बंदरात आमील्कारकडे गेली. तो प्रवासाची तिकिटं काढून द्यायचा. त्याने चष्मा वर सरकवून कागद वाचला.

"दोना इदालिना, नायगाऱ्यानंतर बफेलोत तुम्ही बसमधून उतरून रेल्वेत चढणार. मधे अर्धाच तास ठेवलाय?"

"पुरे की. जास्त वेळ स्टेशनवर नको त्याला."

"आणि बसला उशीर झाला तर?"

"रेल्वे थांबेल ना. बसवाला कळवेल, दोन म्हातारी माणसं मागे आहेत म्हणून."

आमील्कारला हसू आलं. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं. इथे ऑर्ताची बोट बससाठी थांबते. बस बोटीसाठी थांबते. कुणाची आजी धावत येताना दिसली तर दोन्ही थांबतात. तो स्वतः अशा थांबलेल्या बोटींनीच शाळेत गेला होता.

"तिकडं गाडी कुणासाठी थांबत नाही," तो हळू म्हणाला. "चुकली की पुढची दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी? मग लोक काय करतात?"

"चुकवत नाहीत."

इदालिनाने बाहेर पाहिलं. दुकानाच्या काचेतून समोरचा धक्का दिसत होता. बोट सुटायची वेळ होऊन गेली होती आणि तांडेल नॉर्बर्तू कठड्याला टेकून कुणाची तरी वाट पाहत होता.

"एवढी धास्ती वाटत असेल तर आधी ऑर्ताला जाऊन तालीम करा," आमील्कार म्हणाला. त्याने गंमतीत म्हटलं. तिने गंमतीत घेतलं नाही.

गुरुवारी तिने बेल्मिरूला रविवारचा कोट घातला. कोटाच्या आतल्या खिशाला नाव आणि फोन नंबर शिवला. छोटी बॅग घेतली, मोठी समजून. बस म्हणजे बॉस्टन, बोट म्हणजे रेल्वे, ऑर्ताचा धक्का म्हणजे शिकागो. तिथे उतरायचं, कॉफी प्यायची, परतीचं तिकीट काढायचं, आणि हात न सोडता पुन्हा बोटीत बसायचं. मनात ठरलं होतं, आज हे जमलं तर पैसे भरायचे. नाही जमलं तर फाउस्तूला कळवायचं की जमत नाही.

"कुठं चाललोय?" दिनार्तच्या बसमध्ये बेल्मिरूने विचारलं.

"फाउस्तूकडं." तीही तालीमच होती. पण हे वाक्य बोलायला नको होतं.

दिनार्तने आरशातून पाहिलं. "अरे वा काका, अमेरिका! माझ्यासाठी काय आणणार?"

"गाय," बेल्मिरू म्हणाला. बस हसली. इदालिनालाही बरं वाटलं. समुद्र खवळलेला होता, दक्षिणेचा वारा होता, पण बोटीत तो शांत बसला. तिचा हात त्याने स्वतःच धरला होता. कॉफी प्यायला. केक खाल्ला, तिच्या वाटचाही खाल्ला. तिला वाटलं, जमतंय.

तिकिटाच्या खिडकीशी पुढे एक बाई भांडत होती, कोंबड्यांच्या पिंजऱ्याला वेगळे पैसे का म्हणून. इदालिनाने सुटे काढायला दोन्ही हात पिशवीत घातले. दोन्ही हात. वर पाहिलं तर शेजारी कोणी नव्हतं.

आधी ती ओरडली नाही. ओरडलं तर खरं होईल असं तिला वाटलं. बाकाकडे गेली. पुरुषांच्या मुतारीबाहेर उभी राहून हाक मारली. आतून एक दाढीवाला कोळी बाहेर आला, "कोण हवंय, आजी?" मग तिचे पाय आपोआप धावायला लागले. धक्क्याच्या टोकाला कठडा नव्हता. खाली काळं पाणी दगडावर आपटत होतं. तिने खाली पाहिलं. वाकून पाहिलं. पाण्यात एक लाकडी खोकं हेलकावत होतं आणि क्षणभर तिला ते कोटासारखं दिसलं. 

"बेल्मिरू!"

मागे इंजिन सुरू झालं.

पाववाल्याची छोटी गाडी. इथे सगळे ठेवतात तशी त्याने किल्ली गाडीतच ठेवली होती आणि पावाचं खोकं घेऊन हॉटेलात गेला होता. आत बेल्मिरू बसला होता. पाठ ताठ, हात स्टिअरिंगवर. कित्येक महिन्यांनंतर त्याच्या हातांना काय करायचं ते ठाऊक होतं. चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. तो तिशीतला बेल्मिरू दिसत होता. गाडीचं तोंड पाण्याकडे होतं.

गाडी हलली. चालण्याच्या वेगाने, अगदी सावकाश. इदालिना बाजूने धावली, दार ओढलं, एक पाय आत टाकला, कशीबशी सीटवर पडली.

"बाई, उतर खाली," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मला उशीर होतोय. दूध नासेल."

त्याने तिला ओळखलं नव्हतं. समोर धक्क्याची कड आणि तिच्यापलीकडे नुसतं पाणी. थांब म्हटलं तर तो थांबणार नाही हे तिला कळलं. अनोळखी बाईच्या सांगण्यावरून कोण गाडी थांबवतं? हाताला धरलं तर स्टिअरिंग फिरेल.  मग तिच्या तोंडून निघाला तो चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज होता, पहाटेचा, धुक्यातला.

"व्हितोरिनूचा गोठा आला, बेल्मिरू. चार कॅन."

त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी थांबली. हातब्रेक ओढला. किल्ली फिरवली, काढली, शर्टाच्या खिशात ठेवली. जसं रोज करायचा.

"चार?" तो म्हणाला. "काल पाच होते."

"एक गाय आटलीय."

पाववाला पांढऱ्या टोपीनिशी धावत आला. "ओ काका! माझे पाव घेऊन कुठं..." त्याने इदालिनाचा चेहरा पाहिला. कड पाहिली. गाडीचं चाक कडेपासून किती दूर आहे ते पाहिलं आणि टोपी काढली.

"कॅन आण रे पटकन," बेल्मिरू त्याला म्हणाला.

 पाववाला म्हणाला, "आज दूध नाही, काका. आज सुट्टी."

"मग आधी सांगायचं!" बेल्मिरू वैतागून खाली उतरला. किल्ली मात्र काही केल्या देईना. शेवटी पाववाल्याने एक गरम पाव पुढे केला आणि अदलाबदल झाली.

बोट थांबली होती. सुटायची वेळ कधीच टळली होती. डेकवर सगळी माणसं रांगेने उभी. कोंबड्यांवाली बाई सर्वांत पुढे. "मिळाला का गं?" ती ओरडली. "मिळाला!" पाववाला ओरडला. तांडेल नॉर्बर्तूने हात देऊन दोघांना वर घेतलं. "घाई नाही, बाई. समुद्र कुठं जातोय?"

कुणी तिच्या खांद्यावर शाल टाकली. कुणी पाणी दिलं.  सगळे म्हणत होते, झालं, मिळाला, आता रडू नको. पण तिला धडकी भरली होती ती ह्याचीच. ह्या शालीची, ह्या हातांची. इथे एवढी माणसं थांबली म्हणून तो मिळाला. शिकागोच्या गोलात ह्यातलं एकही माणूस नव्हतं.

बेल्मिरू पाव खात होता. अर्धा तोडून त्याने तिला दिला.

"फाउस्तू आला नाही का?" त्याने विचारलं.

 नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. ठरलंच होतं, जमलं नाही तर कळवायचं. जमलं नव्हतं.

"बेल्मिरू," तिने विचारलं, "व्हितोरिनूनंतर कुणाचा गोठा?"

"ग्रासिंदाचा," तो लगेच म्हणाला.

"मग?"

"मग खडीवरचे जुळे भाऊ. मग विधवेचा. मग वरचं कुरण." तो थांबला नाही, अडखळला नाही. पाण्यापलीकडे पीकूचा डोंगर ढगातून बाहेर आला होता आणि तो बोटाने एकेक जागा दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आमील्कारकडे गेली. ऑर्ताची गोष्ट त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. त्याने खुर्ची पुढे केली. "दोना इदालिना, वाईट वाटून घेऊ नका. मी फाउस्तूला फोन लावून देतो. मी बोलतो हवं तर."

"फोन मी काल लावला," ती म्हणाली. "देलियाला. सगळं सांगितलं. तासभर रडली. मग म्हणाली, नायगाऱ्यापासून शिकागोपर्यंत मी येते, पोरं सासूकडं टाकते." तिने कॅलेंडरचा कागद टेबलावर पसरला. "हे अर्धे अर्धे तास खोड. प्रत्येक ठिकाणी एक रात्र ठेव. गाडी थांबत नाही ना? मग आपण थांबू. आदल्या दिवशी जाऊन बसू."

आमील्कारने कागद जवळ ओढला. गोलांमध्ये आता गावांची नावं नव्हती. फॉल रिव्हरच्या जागी व्हितोरिनू होता. नायगाऱ्याला ग्रासिंदा. शिकागोत खडीवरचे जुळे. त्याने बोट फिरवत एकेक नाव वाचलं.

"त्याला थांबा ठाऊक असला की तो थांबतो," इदालिना म्हणाली. "उतर म्हटलं की उतरतो. एवढंच आहे माझ्याकडं."

"आणि तिकडं नावं विसरला तर?"

 इदालिना पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. बाहेर बोट उशिरा सुटत होती.

"परतीच्या तारखा?" आमील्कारने विचारलं.

"परतीचे थांबे मला अजून सापडलेले नाहीत," ती म्हणाली. "रिकामी गाडी तो सरळ घरी आणायचा. मधे कुठं थांबायचाच नाही."

त्याने जाण्याची तिकिटं काढली. इदालिनाने सही केली.  घरी आली तेव्हा बेल्मिरू दारातच रविवारचा कोट घालून उभा होता. बटणं चुकीची लागलेली.

"चल," तो म्हणाला. "पहिला गोठा कुणाचा?"

"व्हितोरिनूचा," ती म्हणाली, आणि त्याची बाही घट्ट धरली.